उजवा खिसा

नवरा हार्लन गेल्यापासून अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात व्हरलीन एकटीच राहायची. जवळ काहीतरी हत्यार ठेव, असं जो तो तिला सांगे आणि ती प्रत्येकाला उडवून लावी. पण परवा पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसाने तिची वाट अडवली, तेव्हा कुठे ती ड्यूईच्या बंदुकांच्या दुकानाची पायरी चढली.

ड्यूईने दोन छोटी रिव्हॉल्व्हर तिच्यापुढे ठेवली. तिने त्यातलं हलकं उचललं.

"मावशी, हलकं गोळी झाडताना जास्त झटका देतं. हे जड घे. याचा मागचा घोडा आत झाकलेला आहे, खिशातून काढताना कापडात अडकत नाही."

"बापासारखाच आहेस. गोड बोलून महागाचं गळ्यात मारतोस."

ड्यूई हसला. "एकच नियम पाळ. ज्या खिशात हे, त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, रुमाल नाही. कोटाच्या उजव्या खिशात ठेव, हात पटकन जाईल."

व्हरलीनचा हात उजव्या खिशात गेला. थंडीत चर्चमधून परतताना हार्लनचा हातही त्याच खिशात असायचा. त्याने जन्मात हातमोजे घेतले नाहीत. म्हणायचा, "तुझा खिसा असताना कशाला?"

"मला डाव्या हाताने चालवायला शिकव," ती म्हणाली.

"का गं मावशी? उजवा खिसा तर रिकामाच दिसतोय."

"तुला दिसतोय," ती म्हणाली. हात काही तिने बाहेर काढला नाही.