पेडलला अडकून तीनदा पडणे

पाय पकडून ठेवणाऱ्या पेडलचं नाव ‘क्लिपलेस’. म्हणजे ज्याला क्लिप नाही ते. पूर्वी म्हणे पेडलच्या पुढे पिंजऱ्यासारखं काहीतरी असायचं आणि त्याला पट्टा, ते गेलं म्हणून हे नाव पडलं. आता बुटाच्या तळाला प्लास्टिकची एक जाड पट्टी स्क्रूने बसवतात, तिला क्लीट म्हणतात. ती पेडलवर दाबली की टक् आवाज येतो आणि पाय अडकतो. सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. संपलं. दुकानदाराने मला हे तीनदा सांगितलं. मी म्हटलं, कळलं हो, मी काही खुळी नाही.

पहिल्यांदा पडले ती आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या गेटमध्ये. वेग शून्य. वॉचमन गेट उघडत होता म्हणून मी थांबले, पाय खाली टेकायला गेले, तर पाय आलाच नाही. ब्रेक दाबून उभी असलेली बाई सावकाश डावीकडे कलली आणि सायकलसकट आडवी झाली. ट्रेलरने उडवलं असतं तर लोक हळहळले असते. उभ्या उभ्या पडलेल्या बाईबद्दल हळहळायची पद्धत नाही. वॉचमन उठवायला धावला आणि मला ओढायला लागला. पाय अजून पेडललाच होता. “मॅडम, पहले पैर तो निकालो,” तो म्हणाला. म्हणजे त्यालाही कळत होतं.

पन्नाशीला एक वर्ष कमी असताना ही थेरं कशाला, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. “लग्नात एक गाठ मारून घेतलीस ती कमी पडली का?” त्यांचे विनोद असेच असतात, आणि ते स्वतःच आधी हसतात. मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. दिवसभर लोकांचे अडकलेले कंटेनर सोडवायचे, एका कागदासाठी चार टेबलांशी भांडायचं, आणि घरी येऊन भाजी काय करायची ते ठरवायचं. सकाळचा दीड तास पाम बीच रस्त्यावर मला कोणी काही विचारत नाही. आणि पाय पेडलला नीट बसला की सायकल जी पळते, ती साध्या पेडलवर कधी पळत नाही. मला ते हवं होतं. त्याचं कारण द्यायची मला गरज वाटत नाही.

दुसऱ्यांदा पडले बेलापूरच्या सिग्नलला, समोर बसस्टॉप भरलेला. सगळे टक लावून बघत होते. गुडघ्याला तीन टाके पडले. कोणीतरी माझ्या फोनवरून नवऱ्याला फोन लावला आणि “आपकी मिसेस गिर गई” एवढंच सांगून ठेवून दिला. ते आले तेव्हा त्यांच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. त्या मी पाहिल्या, म्हणून भांडले नाही. म्हणजे कमी भांडले. घरी आल्यावर ते म्हणाले, “पुन्हा पडलीस तर सायकल विकायची. तिसरी वेळ शेवटची. मला हे टेन्शन नको.” आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, सासूबाईंच्या समोर म्हणून बसले, “चालेल. विका.” रागात माणूस किती उदार होतो ते तेव्हा कळलं.

मग मी शहाण्यासारखी पेडलची काळजी घ्यायला लागले. इथे खाडीच्या वाऱ्यात मीठ असतं, गॅलरीतल्या खिळ्यालाही महिन्याभरात गंज चढतो, तिथे क्लीटच्या स्क्रूची काय कथा. दर रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरायचं, जुन्या टूथब्रशने पेडल घासायचं, स्क्रू घट्ट आहेत का ते बघायचं, स्प्रिंगवर तेलाचा एकच थेंब सोडायचा. क्लीट झिजली की बदलायची, कारण झिजलेली क्लीट कधी सुटते कधी सुटत नाही. पाय सहज सुटावा म्हणून मी स्प्रिंग अगदी सैल करून ठेवली होती. सायकलच्या ग्रुपमधले लोक याला नवशिक्यांचं सेटिंग म्हणतात. म्हणोत बापडे.

सासूबाई दारात खुर्ची टाकून हे बघत बसायच्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, सासरे गेल्यापासून आमच्याकडे. त्यांना सायकल आवडत नव्हती, बूट तर अजिबातच. “कोंबडीवानी टकटक चालतीस,” म्हणायच्या. पण तेल संपलं तेव्हा काही न बोलता आपल्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली पुढे सरकवली. मी थँक्यू म्हटलं. त्यांनी “हं” म्हटलं. तेवीस वर्षांत आमचं बोलणं साधारण याच मापाचं होतं. भांडण म्हणाल तर नाही. घरात दोन पाटे असले की एक झाकून ठेवलेला असतो, आणि तो नेहमी माझाच असायचा.

त्यांची खंडेनवमी मात्र बघण्यासारखी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, यंत्रं धुऊन पुसून मांडायची आणि त्यांची पूजा करायची. विळी, सुरी, मशीन, लेकाची गाडी, लेकाचा लॅपटॉप, इतकंच काय लेकाचा बंद पडलेला ड्रिलसुद्धा. माझं काही त्या रांगेत नसायचं. ज्या लॅपटॉपवर मी जहाजांची जहाजं मोकळी करते, तो त्या दिवशीही ऑफिसच्या पिशवीतच. मी कधी बोलले नाही. म्हणजे दोनदा बोलले, आणि दोन्ही वेळा दसरा वाया गेला.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या संध्याकाळी ऑफिसमधून आले तर हॉलमध्ये भिंतीला टेकवून माझी सायकल उभी. पुसलेली. हँडलला झेंडूची माळ, सीटवर हळदकुंकू, पेडलवर ओल्या कुंकवात भिजलेल्या अक्षता आणि एक फूल. सासूबाई स्वयंपाकघरात. मी “हे कशाला, आई” असं काहीतरी म्हटलं, बरंच कोरडं. त्या म्हणाल्या, “वाहन हाय ते.” मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मला इतका आनंद झाला होता की माझीच मला लाज वाटली.

दसऱ्याला सकाळी निघताना फूल काढून देवाजवळ ठेवलं, अक्षता हाताने झटकल्या. माळ तशीच राहू दिली, त्या बघत होत्या म्हणून. कुंकू रात्रभरात वाळून कडक झालं होतं. डावा पाय बसवायला जरा जोर लागला, टक् आवाजही नेहमीचा नव्हता. मला वाटलं, क्लीट नवी आहे.

परतताना, त्या सकाळी पहिल्यांदाच, शिरवण्याकडे वळायच्या सिग्नलला लाल दिवा लागला. बाजूला झेंडूचे आणि आपट्याच्या पानांचे ढीग घेऊन बायका बसलेल्या. मी वेग कमी केला, चांगली वीस पावलं आधीच टाच बाहेर वळवली. शपथेवर सांगते, वळवली. पाय हलेना. पुन्हा वळवली, सगळ्या अंगाने वळवली, गुडघा कळवळला. सायकल थांबली आणि मी डावीकडे, नेहमीच्या बाजूला, अर्धी रस्त्यावर आणि अर्धी झेंडूच्या ढिगावर. मनात एकच आलं, गेली सायकल.

“लागला का गो बाय तुला?” फुलवालीने विचारलं. तिचा ढीग विस्कटला होता, तरी आधी पाणी दिलं. मी बुटाचा बंद सोडून पाय बाहेर काढला. बूट पेडललाच लटकत राहिला. फुटपाथवर बसून, डाव्या हाताचं मनगट सुजत असताना, मी पान्याच्या टोकाने पेडल उकरलं. क्लीट सुटताना पेडलचा जो भाग स्प्रिंगवर मागे सरकतो, त्याच्या फटीत तांदूळ. कुंकवाने चिकटून, दाबून बसलेले. एकेक करून काढले, सात दाणे निघाले. ते मी जर्सीच्या खिशात टाकले.

रिक्षात सायकल आडवी घालून घरी येईपर्यंत माझा राग शिजत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पुरावा होता. अक्षता दाखवायच्या आणि म्हणायचं, बघा, मी पडले नाही, मला पाडलं. अट माझ्या चुकीची होती, ही चूक माझी नाही. सायकल वाचत होती. ऑफिसात मी याहून कमी कागदांवर केस जिंकल्या आहेत.

नवऱ्याने आधी हात बघितला, हाड शाबूत आहे म्हणाले, बर्फ आणला. मग खुर्चीत बसले. “तिसरी वेळ,” ते म्हणाले. “काय झालं?”

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पुरण.

“टाच वळवायला विसरले,” मी म्हटलं.

“नाचता येईना अंगण वाकडं, असं तरी म्हणायचंस,” ते म्हणाले, पण हसले नाहीत. अंघोळीला गेले, आले, आणि सायकलचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला बसले. फोटोत ती माळही येत होती. मी खोलीत जाऊन कपडे बदलले, जर्सी धुवायला टाकली आणि पलंगावर बसून राहिले. सायकल जाणार याचं दुःख होत होतं, आणि ते मीच ओढवून घेतलं म्हणून कोणावर काढताही येत नव्हतं. आपलेच दात आपलेच ओठ.

जेवायला बसलो तेव्हा सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, “सायकल इकायची न्हाई. पुजलेलं वाहन पुढच्या दसऱ्यापतुर इकायचं नसतं.”

“हे कुठल्या शास्त्रात आहे?” नवऱ्याने विचारलं. ते देवाला मानत नाहीत, आईला मानतात.

“हाय.”

“आई, माझी जुनी स्कूटर आपण दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत विकली होती.”

“मग काय बरं झालं? नव्या गाडीनं पैल्याच म्हैन्यात पार्किंगची भिंत धरली.”

ते खरं होतं, भिंतीला अजून खूण आहे. नवऱ्याने दोन घास खाल्ले, फोन उचलला आणि ग्रुपवरचे फोटो काढून टाकले. मी ताटाकडे बघत जेवले. तेवीस वर्षांत हे शास्त्र मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि माझी खात्री आहे, त्याही पहिल्यांदाच सांगत होत्या.

दुपारी ते झोपल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तेलात हळद गरम करून ठेवली होती. माझं मनगट हातात घेऊन चोळायला लागल्या.

“तांदूळ व्हतं न्हवं?” त्यांनी विचारलं.

मी हात मागे घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही.

“तुजा त्यो शर्ट मशीनला लावताना खिसा बघितला. कुकवाचं दानं. सात.” चोळता चोळताच पुढे म्हणाल्या, “मग सकाळी बोलली का न्हाईस? त्यो इकाया निघाला व्हता.”

मी ऑफिसात देते तशी दोन-तीन उत्तरं मनात तयार केली. बाहेर आलं ते वेगळंच. “तुम्ही पहिल्यांदा माझ्या वस्तूला कुंकू लावलंत,” मी म्हटलं. “ते चुकलं, असं मला म्हणायचं नव्हतं.” आणि मला रडू आलं. मनगट दुखतंय म्हणून, असं मी सांगणार होते, पण त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी बोटांवर आणखी तेल घेतलं. मग म्हणाल्या, “दोनदा पडली व्हतीस. तिसऱ्यांदा पडलीस तर सायकल जानार, हे मलाबी ठावं व्हतं की. तू पडू नयेस म्हनून हँडलला चार दानं टाकलं आन पायडलला मूठभर. डाव्या अंगाला जास्ती. तू डावीकडंच पडतीस.”

“पण तुम्हाला तर ती आवडत नाही,” मी म्हटलं.

“न्हाईच आवडत.” त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. “पर सकाळची फिरून आलीस की दाराशी चपला... ते तुजं बूट काढताना गुनगुनतीस. माज्या घरात आल्यापासनं तुला तेवढंच गुनगुनताना ऐकलंय.”