पुढं लावलेला हूक

सुदैराच्या किनाऱ्यावर विधवेला उपाशी राहता येत नाही. तिनं स्वतः मनात आणलं तरी गाव राहू देत नाही. होड्या परतल्या की प्रत्येक तांडेल एखादा मासा बाजूला काढतो आणि घरी जाता जाता तिच्या दारात ठेवून जातो. हाक मारायची नाही, नाव सांगायचं नाही, आभार ऐकायला थांबायचं नाही, अशी रीत. रीत चांगलीच आहे. झुवैनाच्या घशाखाली मात्र ती उतरत नव्हती.

नवरा मुसल्लम बुडाला तेव्हापासून तिच्या दारात रोज मासा यायचा, कधी सुरमई, कधी गेदर. आणि ती रोज तो उचलून शेळ्यांपुढं टाकायची. इथल्या शेळ्या वाळवलेल्या तारल्यांवरच वाढतात. त्यांना सुरमईचं काय कौतुक! सासरची माणसं हळूच म्हणायची, दुःखानं हिचं डोकं फिरलं. तिचं डोकं ठिकाणावर होतं. ती भात आणि खजूर खायची आणि कुणाला काही सांगायला जायची नाही.

कारण सांगण्यासारखं होतं, पण ऐकणाऱ्याला समजायला हवं. आमच्याकडे मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, इंजिनाचा वाटा, जाळ्याचा वाटा, समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा एकेक, आणि होडी ओढणाऱ्या गाडीचाही एक. गाडीचा तो वाटा झुवैनाचा होता. ती वाळवंटातल्या उंटवाल्यांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा समुद्र पाहून दोन दिवस बोलली नव्हती म्हणतात. मुसल्लमनं जुनी, बुटकी फोर-व्हील जीप आणली आणि पहिल्याच आठवड्यात वाळूत रुतवून बसला. झुवैनानं त्याला खाली उतरवलं, टायरांतली हवा कमी केली आणि जीप बाहेर काढली. "आजपासून किल्ली तुझ्याकडं," तो म्हणाला. "मला पाण्यावरचंच येतं." मग वर्षानुवर्षं तो होडी घेऊन जायचा आणि ती जीपमध्ये समुद्राकडं तोंड करून बसायची. होडी आली की दोर बांधून ती वर ओढायची. आपल्या वाट्याचा मासा आपण रांधायचा, यात तिला मान वाटायचा. दारात ठेवलेल्या माशाला तो मान नव्हता.

मुसल्लम बुडाला त्या दिवशीही ती तशीच बसली होती. लांबवर त्यांची होडी दिसली आणि तिला वाटलं, हा असा गोल गोल का फिरतोय? कुणी जाळं शोधत असावं तशी होडी फिरत होती. इंजिन चालू होतं. होडीत कोणी नव्हतं. दुसऱ्या होड्या पोचेपर्यंत ती जीपमधून ते गोल फिरणं बघत राहिली. मुसल्लम पुढं उत्तरेकडच्या खडकांत सापडला.

इद्दतीचे, विधवेनं बाहेर न पडता काढायचे, दिवस घरात बसून संपले. तेवढ्या काळात दीर हुवैशिलनं होडी चालवायला घेतली होती आणि होडीसाठी चाकांची ट्रॉली आणली होती. वाळूवर घासून होडीचा तळ झिजतो, आता सगळेच ट्रॉली वापरतात. पण ट्रॉली दोरानं ओढता येत नाही, तिला गाडीला हूक लागतो. बुटक्या जीपला हूक नव्हता. म्हणून होडी आता गावातल्या सैदची मोठी पिकअप ओढायची आणि गाडीचा वाटा सैदच्या घरी जायचा.

झुवैना बाहेर पडली ती सरळ शहदादच्या गॅरेजवर. शहदाद बलुची, पेट्रोल पंपामागं त्याची पत्र्याची शेड. गाडी तिनं खड्ड्यावर उभी केली.

"हूक लावून दे."

"बाई, आधी खाली काय शिल्लक आहे ते तर बघू." तो खड्ड्यात उतरला आणि हातोडीनं चासी ठोकत गेला. मागच्या टोकाशी आवाज बद्द झाला आणि गंजाची पापडी त्याच्या दाढीवर पडली. "मिठानं खाल्लीय. बोल्ट धरणार नाहीत."

"कापून टाक ना मग तेवढं. नवा तुकडा जोड."

"जोडतो. पण सैदची पिकअप आहे की. एवढा खटाटोप कशाला?"

"तुला वेल्डिंग येतं का नाही, तेवढं सांग."

शहदाद हसला आणि कामाला लागला. सडलेला भाग कापून त्यानं जाड पत्रा जोडला, दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या, मधे आडवी लोखंडी दांडी बोल्टांनी आवळली. दांडीच्या मधोमध दोन जाड कान. त्यांत ट्रॉलीचं टोक घालायचं आणि वरून पिन टाकायची, झालं. रंगाचा हात दिला तेव्हा झुवैना बाजूला उभीच होती.

हुवैशिल वाईट माणूस नाही. "वहिनी, तुझ्या जीपला झेपणार असेल तर माझी कुठं ना आहे?" तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर सैद आहेच."

पहिल्या दिवशी जमलं नाही. ट्रॉली मागं जोडून जीप मागं मागं पाण्याकडं न्यायची असते, आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही. चाक डावीकडं फिरवलं की ट्रॉली उजवीकडं पळते. झुवैनाची ट्रॉली वाकडी होऊन जीपला काटकोनात येऊन बसली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं, पुन्हा तेच. तांबडं फुटलं होतं, बाकीच्या होड्या कधीच्या गेल्या होत्या. हुवैशिलची माणसं गुडघाभर पाण्यात ताटकळत उभी. एकजण म्हणाला, "होडी आपण खांद्यावरच नेऊ या." कुणी मोठ्यानं हसलं नाही, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीचं चाक भुसभुशीत वाळूत गेलं आणि होडी कलंडता कलंडता वाचली. हुवैशिल खिडकीशी आला. आवाज मऊ करून म्हणाला, "सोड वहिनी. कशाला जीव काढतेस? तुझ्या घरी मासा पोचतोच ना?"

ती खाली उतरली. पिन काढली, ट्रॉली सोडली आणि गॅरेजवर आली. गुरुवार उद्यावर आला होता.

"तुझा हूक वाकडा बसलाय," ती शहदादला म्हणाली.

शहदादनं हूक बघितला नाही. तो जीपभोवती एक चक्कर मारून आला. दोन्ही बाजूंचे आरसे आत दुमडलेले होते, मधला छताकडं वळवलेला.

"आरसे असे का गं?"

"मुखवट्यातून दिसत नाहीत." तिच्या चेहऱ्यावर या भागातल्या बायका घालतात तो काळा मुखवटा होता, नाकावर उभी पट्टी असलेला.

"माझी आई असल्याच मुखवट्यातून सुईत दोरा ओवायची."

झुवैना खड्ड्याच्या कडेवर बसली. शहदादनं कहव्याचा छोटा पेला तिच्यापुढं ठेवला. तिनं तो हातात धरला, प्याली नाही.

"आरशात समुद्र येतो," ती म्हणाली. "मागं नेताना आरशात बघितलं की तो दिसतो. छोटासा. आणि मला वाटतं, त्यात आता होडी फिरताना दिसेल. म्हणून मी डोळे मिटून मागं नेते, शहदाद. सगळ्यांना वाटतं, बाईला येत नाही."

शहदादनं हातातला पाना पुसायला घेतला, तो पुसतच राहिला.

"मी त्या समुद्रासमोर इतकी वर्षं बसले," झुवैना म्हणाली. "कधी भीती वाटली नाही. पाठीमागं घेतला आणि भीती वाटायला लागली." तिनं कहवा एका घोटात संपवला आणि पेला हलवला, आणखी नको म्हणून. "हूक पुढं लाव."

"कुठं पुढं?"

"तोंडाला. बंपरला. मी ट्रॉली समोर ठेवून ढकलत नेईन, पाठीमागं नाही."

"लोक म्हणतील, हिनं गाढव उलटं जुंपलं."

"म्हणू देत. गाढव माझं आहे."

शहदाद पुन्हा खड्ड्यात उतरला आणि या वेळी पुढून ठोकत आला. पुढची चासी ठणठणीत होती. इंजिनाचं वजनही पुढंच, चाकांना वाळूत पकड मिळेल. तो आपल्याशीच मान हलवत होता. मागची दांडी त्यानं उतरवली, नवीन भोकं पाडली, पुढं आवळली. बंपरचा मधला भाग कापावा लागला. संध्याकाळी जीप दिसायला अगदीच विचित्र झाली.

गुरुवारी पहाटे किनाऱ्यावर सगळे होते. सैदही पिकअप घेऊन आला होता, लागली तर असावी म्हणून. तो जीपकडं बघून म्हणाला, "अगं, तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं?" यावर मात्र सगळे मोकळेपणानं हसले. झुवैनानंही हसून घेतलं असावं, मुखवट्यामुळं कळलं नाही.

तिनं ट्रॉलीचं टोक हूकच्या कानांत घातलं, पिन टाकली, जीप फोर-व्हीलमध्ये घेतली. समोर होडी, होडीच्या दोन्ही बाजूंना समुद्र. अंधुक उजेडात तो शिसं ओतल्यासारखा दिसत होता. तिनं डोळे मिटले नाहीत. जीप हळूहळू उतरत गेली, चाक थोडं इकडं, थोडं तिकडं, ट्रॉली सरळच्या सरळ. पाणी ट्रॉलीच्या चाकांना लागलं, मग होडीच्या तळाला. होडी तरंगली. हुवैशिलच्या माणसांनी उड्या मारल्या, इंजिन सुरू झालं आणि होडी निघून गेली. झुवैनाच्या समोर आता काहीच आड नव्हतं.

जीप तिथंच उभी राहिली. लाटा बंपरपर्यंत येत होत्या. सैदला वाटलं, इंजिन बंद पडलं. तो दोर घेऊन पळत गेला आणि खिडकीशी थांबला, कारण ती रडत होती. मुखवट्याखालून पाणी हनुवटीवर येत होतं, आणि ती समुद्राकडं बघत होती. सैद दोर गुंडाळत परत फिरला. याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही, आणि सैदसारख्या बडबड्या माणसासाठी ही मोठीच गोष्ट होती.

थोड्या वेळानं तिनं जीप वर घेतली, आणि परत न जाता किनाऱ्यावरच थांबली, समुद्राकडं तोंड करून. होडी आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. तिनं ती वर आणली.

मग वाळूत माशांचे ढीग लागले. कुणाला कुठला ढीग, हे चिठ्ठ्यांनी ठरत नाही. वाटेकऱ्यांनी आपापली एकेक वस्तू द्यायची, कुणी चप्पल, कुणी किल्ली, कुणी टोपी. ढिगांकडं पाठ केलेला माणूस त्या न बघता एकेक करून मागं टाकतो, ज्याची वस्तू ज्या ढिगावर पडेल तो वाटा त्याचा. हुवैशिल वस्तू गोळा करत आला आणि झुवैनासमोर थबकला. कितीतरी महिने त्यानं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं, नुसतं दिलं होतं. त्यानं हात पुढं केला.

"तुझं काय, वहिनी?"

तिनं हूकची पिन काढून त्याच्या हातावर ठेवली.

पिन कडेच्या ढिगावर पडली. त्यात एक मध्यम सुरमई होती आणि बाकी किरकोळ मासळी, फार काही नव्हतं. तिनं ती घरी नेली, साफ केली, हळद-मीठ लावून तव्यावर टाकली. वास सुटला तशा शेळ्या सवयीनं दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि ओरडू लागल्या. झुवैनानं आतून कडी लावली आणि जेवायला बसली.