पेंढ्यात बांधलेली काच

काच खोक्यात ठेवताना काकू तिच्याशी बोलायच्या. आवाज नसायचा, नुसते ओठ हलायचे.

कारखाना बंद पडेपर्यंत काकू काचकारखान्यात बांधणीला होत्या. कारागीर भट्टीपाशी काच फुंकायचे आणि काकू मागच्या शेडमध्ये पेंढ्याच्या ढिगात बसून ती बांधायच्या. दुपारी तिथे तिरपं ऊन यायचं. पेंढ्याची कुसं हवेत तरंगत राहायची. ओळीने मांडलेल्या काचा उगीचच उजळायच्या. ती शेड अजून त्यांच्या स्वप्नात येई. स्वप्नात काचेला वजन नसे.

तिथली एकच काच त्यांच्या घरी होती. दिव्यावर बसवायची, घुमटासारखी. पण तिच्या मापाचा दिवा घरात नव्हता. वर्षानुवर्षं ती कपाटावर धूळ खात बसली होती. एकदाही उजळली नव्हती.

शेवटी सुनेने तिचा फोटो ऑनलाइन लिलावात टाकला. बोली जिंकली दूर परदेशातल्या एका निवृत्त शिक्षिकेने. तिच्याकडे त्याच कारखान्याचा दिवा होता. त्याची काच घर बदलताना फुटली होती. ‘दिवा एकटाच उभा आहे,’ असं तिने लिहिलं. सुनेने ते मोबाइलवर आपल्या भाषेत करून वाचून दाखवलं. काकूंनी ते तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“आई, फुग्यांचा प्लास्टिक कागद आणलाय हो,” सून म्हणाली.

“राहू दे तुझे फुगे. काचेला पेंढ्यात झोप लागते.”

“आणि आम्हाला गादीवरही लागत नाही,” काका पेपराआडून म्हणाले.

पार्सल निघालं. मोबाइलवर त्याचा ठिपका सरकू लागला. भाजी चिरता चिरता काकू विचारायच्या, “कुठवर आली गं?” सून सांगे ती गावं त्यांनी कधी ऐकली नव्हती. मग त्या मनाने तिथे रस्ते घालत, खिडक्या उघडत, धुकं सोडत.

एके दिवशी ठिपका थांबला. तिकडच्या कस्टमवाल्यांचा निरोप आला. पेंढ्यातून कीड येते, त्यामुळे त्यांच्या देशात पेंढा चालत नाही. पार्सल परत पाठवू, जाळू, नाहीतर पेंढा काढून आमच्या पद्धतीने पुन्हा बांधू. त्यात काही फुटलं तर आमची जबाबदारी नाही. लिलावाचा नियमही वेगळाच होता. माल फुटका पोचला, तर घेणाऱ्याचे पैसे परत जाणार आणि नुकसान विकणाऱ्याच्या गळ्यात.

काकूंनी चिरायची भाजी बाजूला सारली. “म्हणजे माझ्याच हाताने झालं की गं.”

“परत बोलाव,” काका म्हणाले. “घरची वस्तू घरी येईल.”

“येईल. आणि पुन्हा कपाटावर बसेल.”

काकांनी पेपर पुन्हा उघडला.

“लिही गं,” काकू सुनेला म्हणाल्या. “पेंढा काढा म्हणावं. पण काठाला धरू नका. खालून दोन्ही तळवे लावा. हात कोरडे असू देत.”

“आई, तिकडे कोण वाचणार आहे हे?”

“तू लिही तर.”

पुढचे दिवस काकूंचं लक्ष घरात नव्हतं. डोळे मिटले की एक उंच शेड दिसे, पांढरा उजेड, वाकलेला कुणी अनोळखी माणूस. त्याचा चेहरा दिसत नसे, फक्त तळवे दिसत. कधी ते तळवे त्यांचेच असत.

“दूध उतू गेलं,” काका म्हणाले. “कस्टममध्येच आहेस का अजून?”

मग फोटो आला. खिडकीबाहेर मावळतीचा उजेड आणि आत टेबलावर पेटलेला दिवा. काचेला काठापासून मधोमध एक तडा गेला होता आणि त्या तड्यात प्रकाश जास्त दाटला होता. खाली शिक्षिकेने लिहिलं होतं, ‘फार सुंदर. ही रेघ आधीपासून होती का?’

सुनेने आवाज खाली आणला. “आई, होती म्हणू या? जुन्या काचेला असतात अशा रेघा. कुणाला कळतंय?”

काकू फोटोकडे बघतच राहिल्या. “नव्हती. नव्हती म्हणून लिही.”

“पैसे परत द्यावे लागतील.”

“देऊ.”

“आणि नियमाने तिला काचही परत पाठवावी लागेल.”

आता मात्र काकू दचकल्या. “छे! तडकलेली काच टिकेल होय वाटेत? सांग तिला, पैसे घे आणि काचही ठेव. फक्त वात हळूहळू वाढव म्हणावं. एकदम तापली तर तडा पुढे सरकेल.”

“म्हणजे पैसेही गेले आणि काचही गेली.”

“काच कुठे गेली? उजळलीय की!”

काकांनी चष्मा लावला आणि सुनेच्या हातून मोबाइल घेतला. फोटो मोठा करून पाहिला.

“अगं,” ते म्हणाले, “ही निळी होती होय?”