खांदा बघितला का?

१२ एप्रिल १९८६, शनिवार, सकाळचे पावणेअकरा. ठरलेली किंमत एक लाख पस्तीस हजार रुपये. त्यातला अकरा हजारांचा इसार महिन्यापूर्वीच दिलेला, उरलेल्या एक लाख चोवीस हजारांचा ड्राफ्ट माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. हजर माणसं चार : मी, माझे वडील, विमानाचे मालक आणि त्यांचा मिस्त्री. जागा नांदेडच्या धावपट्टीच्या कडेची, सावली नसलेली.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि लातूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या हैदराबादला घालवून मी विमान चालवायचा परवाना मिळवला होता. माझ्या नावावर तोवर एकूण त्रेपन्न तास आणि वीस मिनिटं उड्डाण जमा होतं. एवढ्या अनुभवावर कुणी विमान विकत घेत नाही. पण लातूर जिल्हा नवीन झाला होता, कचेऱ्यांना जागा हवी होती, आणि आमची गावालगतची दोन एकर दहा गुंठे जमीन सरकारनं त्यात घेतली. माझ्या वाट्याला जे पैसे आले तेवढे माझ्या हातात पूर्वी कधी नव्हते, पुढेही आले नाहीत. विमानाचा उपयोग काय, असं लोक विचारत. मी खर्चाची आकडेमोड सांगे; उपयोग सांगता येत नसे. मला उडायचं होतं, एवढंच खरं होतं.

बायकोनं अडवलं नाही. तिनं एकच अट घातली. "पूर्ण पैसे द्यायच्या आधी दादांना दाखवा. त्यांनी आजवर फसवा बैल दारात आणला नाही."

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांचं वय बहात्तर. त्या वर्षीच्या दुष्काळात कडब्याची पेंढी परवडेना म्हणून त्यांनी जानेवारीत शेवटची बैलजोडी विकली होती. तेव्हापासून ते रिकाम्या गोठ्यासमोर बसायचे आणि हातानं काही ना काही चाचपत राहायचे, कधी दोरी, कधी खुंटा. मी नांदेडला चला म्हणालो तर लगेच उठले. खरेदीला जायचं म्हटल्यावर त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि पिशवीत एक नारळ घेतला.

आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर टँकरची वाट बघणाऱ्या घागरींची रांग फाटकापर्यंत आली होती. कंडक्टर आमच्या गावाकडचा निघाला. दादांनी त्याला कुठं चाललो ते सांगून टाकलं.

"इमान आणायला एष्टीनं?" तो म्हणाला. "मग येताना तिकीट नको म्हणा की!"

"येताना टपावर टाकून आणतो," दादा म्हणाले. "हमाली किती घेतूस?"

सगळी गाडी हसली. मला त्या घागरींपुढून जाताना हसता आलं नाही.

मालक नांदेडचे, कापसाच्या धंद्यातले. स्वतः विमान चालवायचे. पाठीच्या दुखण्यामुळे दोन वर्षांपासून त्यांनी उडणं जवळजवळ सोडलं होतं. विमान दोन माणसांचं, पंख डोक्याच्या वर असलेलं. सांगाडा धातूचा आणि पंखांवर ताणून बसवलेलं कापड, कापडावर रोगणाचे थर. त्या काळी अशी विमानं पुष्कळ होती आणि ती चांगली उडत. दिवाळीत त्याला पांढरा रंग दिलेला होता, उन्हात डोळे दिपत होते. मार्चमध्ये मी मालकांबरोबर त्यातून पंचवीस मिनिटं उडालो होतो आणि तिथंच इसार देऊन बसलो होतो.

तपासणीत मी कसूर केली नव्हती, असं मला वाटत होतं. इंजिन किती तास चाललं याची वही मी पहिल्या पानापासून बेरीज करत तपासली होती आणि एकोणिसाव्या पानावर चाळीस मिनिटांची चूक शोधली होती. मालकांनी ती मान्य केली तेव्हा मला फार बरं वाटलं. चौदा महिन्यांपूर्वीच्या तपासणीच्या दाखल्यावर 'कापड : समाधानकारक' असं लिहिलं होतं. त्यासमोर मी माझ्या वहीत बरोबरची खूण केली होती. इसारपावतीही मीच लिहिली होती, वाद नको म्हणून अगदी नेमकी : 'विमान समक्ष पाहून, पसंत करून'. घेणाऱ्यानं मोडलं तर इसार बुडेल, हेही माझंच अक्षर.

ठरलं होतं असं की ड्राफ्ट द्यायचा, सह्या करायच्या, नारळ फोडायचा आणि लगेच दादांना शेजारी बसवून शहरावरून एक फेरी मारायची.

"गोदावरीचं पात्र वरून दाखवतो, दादा," मी म्हणालो.

"कोरडं पात्र खालूनच दिसून राहिलंय की."

ते विमानाभोवती एक चक्कर मारून आले. चाकांकडे बघितलं, शेपटीकडे बघितलं, पंखाखाली उभे राहून वर बघितलं. मग मला हळूच म्हणाले, "खांदा बघितला का?"

बैल घेताना दादा आधी खांदा बघत. जुवानं सोललेला खांदा विकणारे हळद-तेल लावून झाकतात. ते बोटानं दाबून बघायचे. मी म्हणालो, "दादा, हे यंत्र आहे. याला दाखला असतो."

"हाव. पर आज याचा खांदा सोललाय का, ते दाखल्याला काय ठाऊक?"

मालक हसले. "बाबा, दात पण मोजा वाटल्यास."

दादांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते मिस्त्रीकडे वळले. हा मिस्त्री पन्नाशीचा, किडकिडीत, बिलोलीकडचा. तासाभरात तो एक अक्षर बोलला नव्हता. माझ्या प्रत्येक प्रश्नाला तो वहीचं पान उघडून दाखवायचा.

"मिस्तरी," दादा म्हणाले, "खोड काय हाय याला?"

आमच्याकडच्या बैलबाजारात हा प्रश्न शेवटचा. मारका आहे का, बसतो का, रात्री दावं तोडतो का, जी काही खोड असेल ती विचारल्यावर सांगायची. न विचारता कुणी सांगत नाही. पण तोंडावर विचारल्यावर जो खोटं बोलला, त्याच्या दावणीला पुन्हा कुणी उभं राहत नाही. मी दोन महिन्यांत त्या मिस्त्रीला निदान साठ प्रश्न विचारले असतील. हा एक विचारला नव्हता.

मिस्त्रीनं मालकांकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"बोल की," मालक म्हणाले. "काय खोड असणार?"

मिस्त्री गेला आणि लोखंडी घोडी घेऊन आला. ती पंखाशी लावली आणि दादांना म्हणाला, "चढा मामा. मी धरतो."

दादा चढले. मी पलीकडून चाकावरच्या पत्र्याच्या झाकणावर पाय देऊन वर झालो. त्या पंखाची वरची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. दोन उन्हाळे ती बाजू उघड्या आभाळाखाली होती. रंग मात्र नवा कोरा.

"कुठं?" दादांनी विचारलं.

"खांद्यालाच. अंगठ्यानं दाबा."

पंख जिथं धडाला मिळतो तिथं दादांनी अंगठा टेकवला आणि बैलाचा खांदा दाबावा तसा दाबला. जोर केला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पापड मोडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि अंगठा मुळापर्यंत आत गेला.

दादांनी अंगठा बाहेर काढला. त्याला कापडाचा भुगा लागला होता. भोकाभोवती रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता. त्यांनी तो भुगा बोटांत चोळला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कापड हाय?"

"हो."

"आन यावर आपण दोघं बसणार हुतो."

मी खाली उतरलो. मार्चमधली पंचवीस मिनिटं मला एकदम आठवली, एकेक वळण. गणिताच्या मास्तराला एवढा साधा हिशेब जमेना : चौदा महिने म्हणजे किती दिवस. माझ्या खिशातल्या वहीत त्या कापडासमोर बरोबरची खूण होती. ती मी केली होती.

मालक घोडीवर चढले आणि पांढरेफटक होऊन उतरले. त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मार्चमध्ये माझ्या शेजारी तेच बसले होते.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"रंग देतानाच म्हणलो हुतो शेट, आधी कापड बदला. तुम्ही म्हणले, घेणारा बदलंल."

"मी खर्चाचं म्हणालो होतो रे! असं झालंय ते कुठं सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं न्हाई."

मालक सावरले. सौदा मोडला हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. इसाराचं काय, एवढंच उरलं.

"बाजाराच्या रिवाजानं खोड निघाली की इसार वापस," दादा म्हणाले.

"बाबा, हा बाजार नाही. कागद आहे." मालकांनी पावती काढली. "प्रोफेसरसाहेब, अक्षर तुमचंच ना? 'समक्ष पाहून, पसंत करून.' आणि भोक तुमच्या वडिलांनी पाडलंय. तरी मी त्याचे मागत नाही."

मी ती ओळ पुन्हा वाचली. भांडता आलं असतं. पण समक्ष पाहिलं, असं मी लिहून दिलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. खोटी ओळ त्या कागदावर एकच होती आणि ती माझी होती.

"राहू द्या," मी म्हणालो.

दादांना वाटलं होतं मी भांडेन. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "लिहून दिलंय ना लेकरा. मग झालं."

त्यांनी कनवटीचा बटवा सोडला. मिस्त्री घोडी उचलून निघाला होता, त्याला हाक मारली. मोजून एक्कावन्न रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि पिशवीतला नारळही.

मिस्त्री मागं सरकला. "मामा, हे कशाचे?"

"खोड सांगितल्याचे."

एक लाख चोवीस हजारांचा ड्राफ्ट सोमवारी बँकेत परत भरला. विमानाच्या मालकांना दिले अकरा हजार. मिस्त्रीला एक्कावन्न. अहमदपूरमार्गे लातूरच्या दोन तिकिटांचे पैसे त्याच कंडक्टरला. त्यानं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.