पर्स तपासणारे डॉक्टर

निनाद, ईरा, नेरूळमधले तुमचे लहानपणचे डॉक्टर गेल्या आठवड्यात वारले. परदेशी गेलात तेव्हा तुम्ही इतके लहान होतात की ते तुम्हाला आठवणार नाहीत. म्हणून आत्ताच लिहिते.

ते आधी बाळाकडे बघत नसत, आईच्या पर्सकडे बघत. "उघडा. गुलाबी बाटली आहे ना आत?" मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक फ्रिजच्या दारात ठेवायचं आणि अंग तापलं की चमचाभर पाजायचं, बाहेर जाताना तीच बाटली पर्समध्ये टाकायची, हा आमच्या सोसायटीत घरोघरचा उद्योग. आयांवर त्यांचा विश्वास नव्हता, आज्यांवर तर मुळीच नाही. "आजी, तुम्ही गप्प बसा. तुम्हीच पाजता," असं मला पहिल्याच भेटीत म्हणाले. मी कधीही पाजलं नव्हतं. त्या दिवसापासून माझाही त्यांच्यावर विश्वास उरला नाही.

निनाद, तू सात महिन्यांचा असताना तापाने फणफणला होतास. त्यांनी कान, घसा, छाती तपासली, फक्त ताप उतरायचं औषध दिलं आणि उद्या या म्हणाले. तुझी आई रडकुंडीला आली. "अँटिबायोटिक द्या ना, डॉक्टर! उगाच रिस्क कशाला?"

"रिस्क मला शिकवता? ह्याच्या अंगातला वॉचमन, म्हणजे प्रतिकारशक्ती, अजून नवीन आहे. कोणाला अडवायचं, कोणाला सोडायचं, हे त्याला पोटातले जंतू शिकवतात. कारण नसताना अँटिबायोटिकने तेच मारले, तर उद्या तो दूधवाल्यालाही बडवेल! मग अंडं चालत नाही, शेंगदाणा चालत नाही, म्हणून रडत याल."

"हे सिद्ध झालंय का?" मी विचारलं.

"सगळं नाही. पण दाट संशय आहे."

संशयावर औषध नाकारणारा डॉक्टर! दुसऱ्या दिवशी तुझा ताप उतरला, अंगावर पुरळ आलं. "व्हायरल होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, नशीब.

पुढे ईरा झाली. ती दहा महिन्यांची असताना तिला धाप लागली, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. त्या दिवशी त्यांनी पर्सचं नावही काढलं नाही. न्यूमोनिया म्हणाले, हॉस्पिटलला स्वतः फोन करून अँटिबायोटिक तयार ठेवायला सांगितलं. मला आता उलटी शंका. "आणि तुमचा तो वॉचमन?"

"आधी पोर जगू दे, आजी. वॉचमन मागाहून शिकेल."

घरी आल्यावर रोज त्यांचा फोन. "डोस पूर्ण देताय ना? खरं सांगा." शेवटी रिकामी बाटली घेऊन बोलावलं आणि उजेडात धरून पाहिली.

निनाद, तुला अंडं, शेंगदाणे सगळं पचतं. ते त्यांच्यामुळेच, असं मी लिहिणार नाही. त्यांनीही ते मान्य केलं नसतं. पण ईरा, तू आज आहेस ती त्यांच्यामुळे. त्याबद्दल मला शंका नाही.