रशीदनं बसवून घेतलेला बोर्ड

वांग्यांना पाणी देऊन घरी आलो, तर शैला, माझी बायको, फोन हातात धरून दारातच उभी होती. पलीकडं नसरीन होती, रशीदची मुलगी. "काका, अब्बा गेले," एवढंच ती बोलू शकली. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं...

मी काटेवाडीचा, रशीद इंदापूरचा. बारामतीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो. त्याहून जास्त वेळ स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात उभे राहिलो. पुढं मी घरची शेती धरली, त्यानं इंदापुरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. भेटी विरळ झाल्या, तुटल्या मात्र नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात परक्यासारखा मांडीवर पडून राहायचा. दाबायला दिलेला रबरी चेंडू मी कपाटात फेकून दिला. शैला रागावली, विनवून दमली. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. शेवटी तिनं रशीदला बोलावलं. तो आला, इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना माझा लुळा पंजा कागदावर पसरून त्याभोवती पेन्सिल फिरवली. "कशाला रे?" म्हटलं, तर म्हणाला, "गप बस."

पुढच्या खेपेला त्यानं जुन्या कूलरच्या पत्र्याचा एक खोका आणला. वर डावीकडं दांडी, उजवीकडं मोठाली रंगीत बटणं, अगदी आमच्या त्या दुकानातल्यासारखी; पण बरोबर माझ्या बोटांच्या अंतरावर. खोका उलटा केला, तर आत तारांच्या गुंत्यात काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड लोंबत होता. बटण दाबलं की हा बोर्ड टीव्हीवरच्या खेळाला सांगतो, असं त्यानं शैलाला समजावलं.

"मग बसवला का न्हाईस?" मी विचारलं.

"तू बसवणार हायस, दत्त्या. उजव्या हातानं धर. मी स्क्रू फिरवतो."

बोर्डाखालचे सोल्डरिंगचे डाग पत्र्याला टेकले तर शॉर्ट होणार, म्हणून रिकाम्या पेनाची नळी कापून त्यानं प्रत्येक स्क्रूसाठी तुकडा केला होता. त्या तुकड्यांवर मी बोर्ड नुसता दाबून धरायचा. पण बोटं ऐकेनात. बोर्ड निसटायचा, तुकडे घरंगळत पलंगाखाली जायचे, आणि रशीद गुडघ्यांवर बसून ते गोळा करायचा. शेवटी मी भडकलो. "तूच बसव की! तुला पाच मिंटाचं काम हाय."

"व्हय, पाच मिंटाचंच हाय," तो म्हणाला. "पर मला कुठं घाई हाय?"

दुकान बंद ठेवून आला होता तो! दुपार कलली, शैलानं पुन्हा चहा टाकला... आणि कधीतरी माझा अंगठा टिकला. स्क्रू बसले. "लई आवळायचा न्हाय, बोर्ड चिरतो," म्हणत त्यानं स्क्रू पिळणं थांबवलं आणि टीव्ही लावला. मग आम्ही आळीपाळीनं खेळलो. कीव आली म्हणून तो एकदाही मुद्दाम हरला नाही. त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. त्याला हरवायच्या ईर्ष्येनं मी रोज ती बटणं बडवत राहिलो. हळूहळू घास त्या हातानं तोंडात जायला लागला. आज हे लिहितोय तेही त्याच हातानं.

इंदापूरला रशीदच्या मातीला जाऊन परतलो, त्या संध्याकाळी शैलानं टीव्ही लावला आणि खोका माझ्यापुढं ठेवला.

"आज?" मी म्हटलं.

"आजच. रशीदभाऊंनी ह्यो खोका म्होरं ठिवून रडाय न्हाय बनवला." मग तिनं स्वतःसाठी खुर्ची ओढली. इतक्या दिवसांत तिनं त्या बटणांना कधी बोट लावलं नव्हतं. "मला शिकवा. त्यांची पाळी आता मी खेळते."

आता भाकरी-भाजी उरकली की ती आपणहून येऊन बसते. परवा तिनं मला पहिल्यांदा हरवलं, आणि अशी काही ओरडली की शेजारचे तात्या काय झालं म्हणून धावत आले.