दरपानसिंहाच्या नावावरचे दन

उत्तिमाला माणसं त्यांच्या घरातल्या जमिनीवरून कळत. कुणाच्याही घरी गेली की तिची नजर आधी पायाखाली जाई आणि मग घरधनिणीच्या तोंडाकडे. पायाखाली धड काही नसलं तर तोंडाकडे बघायची तसदी ती घेत नसे. बुंगधार गावात चाळीस घरं आणि जवळजवळ प्रत्येक घरात माग. पण उत्तिमाच्या मते गावात माग एकच होता. बाकीची नुसती लाकडं, भिंतीला टेकवून ठेवलेली.

ती दन विणायची. दन म्हणजे जाड लोकरीचा गालिचा. उभ्या धाग्यांवर आडवी लोखंडी सळई धरायची, तिच्याभोवती लोकरीचा एकेक फासा घालत जायचं, ओळ पुरी झाली की सुरीने फासे कापायचे आणि पंजाने, म्हणजे लोखंडी दात्यांच्या फणीने, ठोकून ओळ बसवायची. एका दनाला तिचा अख्खा हिवाळा जाई. लोकर ती स्वतः कातायची, अक्रोडाच्या सालीत तपकिरी आणि डोलू नावाच्या रानझाडाच्या मुळांत पिवळी, अशी स्वतः रंगवायची. बाजारात मिळणाऱ्या रंगीत लोकरीच्या गुंड्यांकडे तर ती अशी बघे, जणू कुणी ताटात दगड वाढलाय.

त्या गुंड्या तिच्या धाकट्या जावेच्या पिशवीत भरलेल्या असत. जावेचं नाव खिमुली. ती दिवसभर उन्हात बसून सुयांवर मोजे, टोप्या, गळपट्टे विणायची. गुलाबी, पोपटी, नारिंगी. विणता विणता बोलायची, हसायची, मधेच उठून कोंबड्या हाकलून यायची.

"हातात काम असताना कोंबडीकडे लक्ष जातं, म्हणजे ते काम नव्हे," उत्तिमा म्हणायची.

"दीदी, मोजे पायात घालायचे असतात. त्यांची आरती करायची नसते," खिमुली म्हणायची आणि पुढची ओळ सुरू करायची.

तीस वर्षं दोघींची अंगणं एकमेकींना लागून होती. त्या तीस वर्षांत उत्तिमाने जावेच्या हातचा एक मोजा पायात घातला नव्हता.

पण खिमुलीविषयी तिला जे वाटायचं तो नुसता किरकोळ तुच्छभाव होता. खरा, मुरलेला तिरस्कार तिने नवऱ्यासाठी राखून ठेवला होता.

दरपानसिंह डाकखान्यातून निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा त्याला करायला काही उरलं नाही. चहा पिऊन झाला, पत्ते खेळून झाले, पंचायतीत भांडून झालं. मग एका हिवाळ्यात त्याने उत्तिमाची दोन दनं उचलली आणि जत्रेत नेली. पहिल्या वर्षी तो गिऱ्हाइकांना सांगे, "आमच्या घरात विणलंय." दुसऱ्या वर्षी सांगू लागला, "आम्ही विणतो." तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्याला आजोबा म्हणून हाक मारत विचारलं, "तुम्हीच विणलंत का, बुबू?" आणि त्याने एवढंच म्हटलं, "आता या वयात डोळे दुखतात." खोटं असं एकही वाक्य तो बोलला नव्हता. त्याची ही हुशारी उत्तिमाला सर्वांत घाण वाटायची. खोटं बोलायचीही त्याच्यात हिंमत नव्हती.

चौथ्या वर्षी हस्तकलेच्या एका मंडळाने त्याला उत्तम शिल्पी, म्हणजे कारागीर, म्हणून गौरवलं. ज्या दनासाठी गौरवलं ते उत्तिमाने पाच महिने खपून विणलं होतं. मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ, कडेने ढगांची वेल. दरपानसिंह सत्काराला एकटाच गेला. येताना तांब्याचं ताट आणि अंगावर पांघरवलेली शाल घेऊन आला. ताट त्याने भिंतीवर ठोकलं आणि शाल बायकोच्या हातात दिली.

उत्तिमाने शालीचा काठ दोन बोटांत धरला, चोळला, नाकाशी नेला.

"यात मेंढी कुठंच नाही," ती म्हणाली.

"अगं, मानाची शाल आहे."

"गिरणीतली आहे. विणणाऱ्याचा मान करायला यांना गिरणीतली शाल मिळाली. आणि ती घालायला तुम्ही मिळालात. जोडा चांगला जमलाय."

तो हसला. आपल्याला दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या हेही त्याच्या ध्यानात आलं नाही, की येऊनही त्याने सोडून दिलं, हे उत्तिमाला कधी कळलं नाही. तिला ते जाणून घ्यायचंही नव्हतं.

पुढच्या कार्तिकात मंडळाचं पत्र आलं. जत्रेत पाच दिवस शिल्पी दरपानसिंह यांनी लोकांसमोर बसून एक लहान आसन विणावं आणि शेवटच्या दिवशी ते प्रमुख पाहुण्यांना भेट द्यावं. पत्र वाचून दरपानसिंह दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन बसला.

"माझा खांदा धरलाय, असं मी कळवलंय," तो म्हणाला. "तू बस मागावर. मी शेजारी उभा राहून लोकांना समजावून सांगेन."

"काय समजावून सांगाल?"

"कसं विणतात ते."

उत्तिमा भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "येईन."

तो इतक्या पटकन सुटला की त्याला संशयच आला. पण विचारायचा धीर झाला नाही.

खरं तर उत्तिमाने त्याच क्षणी ठरवलं होतं. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणं तिला हलकं वाटलं. त्याच्यावर तेवढे शब्द खर्च करायची तिची तयारी नव्हती. तिने ठरवलं की आसन वाईट विणायचं. मुद्दाम, उघड, कुणाही डोळसाला दिसेल असं वाईट. त्याचं नाव त्यावर लागणारच आहे, तर माल त्याच्या लायकीचा असावा.

जत्रेत मांडवाखाली माग उभा राहिला. दरपानसिंह नवी टोपी घालून शेजारी उभा राहिला. उत्तिमाने कमळ सुरू केलं आणि डावीकडची पाकळी पाच फाशांची, तर उजवीकडची सात फाशांची घेतली. एक ओळ घट्ट ठोकली, तर दुसरी सैल सोडली. चाळीस वर्षांत तिच्या हाताने असं काही केलं नव्हतं. पहिल्या दिवशी बोटं ऐकेनात. प्रत्येक ओळीला ती सवयीने बरोबरच जागी जात आणि त्यांना ओढून चुकवावं लागे. वाईट विणायला तिला चांगलं विणण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

लोक येत होते, बघत होते. दरपानसिंह बोलत होता. ताण्याला बाणा म्हणत होता, बाण्याला ताणा. डोलूचं मूळ लाल रंग देतं, असं त्याने एका शाळेच्या सगळ्या मुलींना सांगितलं आणि मास्तरणीने ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

"किती नाजूक काम आहे," शहरातून आलेली एक बाई म्हणाली.

"पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे, मॅडम," दरपानसिंह म्हणाला.

मंडळाचे साहेब आले. चष्मा वर करून त्यांनी कमळ जवळून पाहिलं. त्यांना नीट दिसावं म्हणून उत्तिमा जरा बाजूला सरकली. साहेब म्हणाले, "वा. यंदाचं गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे."

तीन दिवसांत शे-दोनशे माणसं त्या कमळासमोरून गेली. एकाचाही पाय अडखळला नाही. नवऱ्यासाठी राखून ठेवलेला तिरस्कार तिला हळूहळू सगळ्या मांडवावर वाटून टाकावा लागला. चष्म्याच्या साहेबांना, नाजूक म्हणणाऱ्या बाईला, वहीत लिहिणाऱ्या मास्तरणीला. तिच्या मनात आलं, मग चाळीस वर्षं मी कुणासाठी मोजत होते?

चौथ्या दिवशी दुपारी खिमुली आली. मोजे-टोप्या विकायला तीही जत्रेत आली होती. खांद्यावर पिशवी, हातात सुया, चालता चालता विणणं चालूच. मांडवापाशी थांबली, मागाकडे एकदा पाहिलं आणि तिचे हात थांबले.

खिमुलीचे हात थांबलेले उत्तिमाने पहिल्यांदाच पाहिले.

"दीदी," खिमुली हळूच म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?"

"का?"

"कमळ वाकडं चाललंय. तिसऱ्या ओळीपासूनच. आणि इथं ठोका सैल आहे." तिने बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. "डोक्यात चक्कर वगैरे येते का? घरी चल. मी भावोजींना सांगते."

उत्तिमाला तोंडावर कुणी मारल्यासारखं झालं. शे-दोनशे माणसांना जे दिसलं नाही ते पोपटी गुंड्या विणणाऱ्या या बाईला चालता चालता दिसलं होतं. तिला लाज वाटली, पण वाकड्या कमळाची नाही. तीस वर्षं आपण या बाईला आंधळी समजत होतो, याची. आणि ती लाज वाटतेय याचा तिला लगेच रागही आला.

"चक्कर बिक्कर काही नाही," ती म्हणाली. "जा तू. तुझ्या टोप्या पडल्यात तिकडे."

खिमुली गेली. उत्तिमाने सुरी उचलली आणि वरून एकेक ओळ उसवायला लागली. कापलेल्या लोकरीची पिसं तिच्या मांडीवर पडत होती. दरपानसिंह चहा पिऊन परत आला तेव्हा मागावर नुसती काठाची पट्टी उरली होती आणि तिच्या वर उघडे धागे.

"हे काय केलंस? उद्या पाहुणे येणार."

"वाईट होतं. काढून टाकलं."

"कुणी म्हटलं वाईट? साहेबांनी स्वतः वाखाणलं."

"म्हणूनच काढलं," उत्तिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे आले. आसन तयार नाही हे कळल्यावर ते उदारपणे म्हणाले, "हरकत नाही. दरपानसिंहजी, खांदा दुखत असला तरी एक ओळ आमच्यासाठी विणून दाखवा. तीच आमची भेट."

दरपानसिंहाने बायकोकडे पाहिलं. उत्तिमा उठली आणि तिने जागा करून दिली.

तो बसला. सळई त्याने तिरकी धरली. लोकर तिच्याभोवती अशी गुंडाळली, जशी डाकखान्यात पार्सलाला सुतळी. मग सुरी घेऊन ओळ कापायला गेला आणि लोकरीबरोबर तीन उभे धागेही कापले. मागाच्या मधोमध भोक पडलं. ताण्याचा धागा कापणं म्हणजे विणकराने स्वतःचं बोट कापण्यासारखं. उत्तिमाने डोळे मिटले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या, मग सगळ्या मांडवाने वाजवल्या. फोटो निघाला. तो आठवड्याने वर्तमानपत्रात आला: 'कलेत तल्लीन झालेले ज्येष्ठ शिल्पी दरपानसिंह'. भोक त्यात स्पष्ट दिसत होतं.

त्यानंतर उत्तिमाने नवऱ्याला एकही दन दिलं नाही. भांडली नाही, कारण सांगितलं नाही. जे विणलं ते घरात अंथरलं. आधी माजघरात, मग खाटेवर, मग देवघरात. दरपानसिंह वर्षभर भुणभुण करत राहिला, मग त्याने सरळ कारखान्याचे गालिचे आणले आणि ते जत्रेत नेऊ लागला. तेही लोक नाजूक म्हणून घेतात. तो सुखात आहे.

खिमुली आता दुपारी सुया घेऊन उत्तिमाच्या मागाशेजारी येऊन बसते. तिला बोलावलं कुणी नव्हतं, पण एके दिवशी उत्तिमाने तिच्यासाठी घोंगडीची घडी टाकली होती, एवढं खरं. उत्तिमा अजून तिच्या मोज्यांना नावं ठेवते, टाच ढिली आहे म्हणते, रंग बघून डोळे चुरचुरतात म्हणते. आणि ओळ पुरी झाली की मागे सरकून विचारते, "बघ आणि सांग. गोड बोलू नकोस."

परवा खिमुलीने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "डाव्या ढगात एक फासा जास्त वाटतोय, दीदी."

उत्तिमाने मोजले. पुन्हा मोजले. फासे बरोबर होते.

"तुला मोजता येत नाही," ती म्हणाली. आवाजात इतका आनंद होता की खिमुलीने वर पाहिलं. "तीस वर्षं सांगतेय, तुला मोजता येत नाही."

आणि उठून तिने जावेला मिठाच्या चहाचा दुसरा पेला भरून दिला.